ठाण्याचा किल्ला पडला, पण मोहीम फत्ते झाली का?

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत मुळात किल्ल्याची तटबंदी आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत असतं. हा किल्ला ३७ वर्षांत दोनदा लढून घेतला गेला: १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून आणि २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी मराठ्यांकडून. दोन्ही वेळा किल्ला पडला. पण ज्या कामासाठी फौज धाडली ते काम झालं का, हा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही.

जगात कुठेही युद्ध पेटलं की तलावपाळीच्या कट्ट्यावर आणि संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये आठवडाभरात निकाल लागलेला असतो. किती गावं घेतली, किती रणगाडे फुटले, कोण मागे हटलं, एवढ्यावर. ही झाली फौजेची कामगिरी. परराष्ट्र धोरणाचा हिशेब निराळा. समोरच्या राज्याच्या सीमेत, सत्तेत किंवा वागण्यात जो बदल आपल्याला हवा होता तो झाला का, किती वर्षं टिकला आणि त्यापायी काय गमावलं, हे त्यात पाहायचं असतं. त्याची एक रीत आहे, आणि ती समजून घ्यायला साष्टीची, म्हणजे मुंबईच्या उत्तरेला लागून असलेल्या आणि ठाणं ज्यावर वसलंय त्या बेटाची, मोहीम फार उपयोगी पडते. अडीचशे वर्षं उलटून गेलीत, सगळ्या बाजूंचे कागद उघड आहेत, आणि जागा तर आपल्या रोजच्या पाहण्यातल्या.

सुरुवात हेतूंपासून करायची. हेतू घ्यायचे ते पहिली तोफ डागण्याआधीच्या कागदांतून. युद्धानंतरची भाषणं, आत्मचरित्रं, विजयाचे जाहीरनामे यांतले हेतू घेतले की हिशेब बिघडलाच म्हणून समजा, कारण जे मिळालं तेच हवं होतं असं नंतर प्रत्येक जण म्हणतो. वहीत पाच रकाने आखावेत: हेतू काय, कोणाचा, कोणत्या तारखेच्या कागदात, तहात काय मिळालं, पुढे किती वर्षं टिकलं. दुसरा आणि तिसरा रकाना भरायला कंटाळा येतो, पण सगळी गंमत तिथेच आहे.

मुंबईकर इंग्रजांचे हेतू स्पष्ट होते. मुंबई बेट १६६१ च्या लग्नाच्या करारानं इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं, पण साष्टी आलं नाही. मुंबईत पिकणारं धान्य तिथल्या वस्तीला पुरत नव्हतं. धान्य, लाकूडफाटा, गुरं, सगळं बाहेरून यायचं, आणि सगळ्यात जवळचा मोठा मुलूख म्हणजे साष्टी. बंदराच्या आतली घारापुरी आणि उरणचं करंजा बेटही परक्यांच्या हातात. तेव्हा १७७२ मध्ये मॉस्टिनला वकील म्हणून पुण्याला पाठवताना मुंबईच्या कौन्सिलनं त्याला सांगूनच ठेवलं होतं की साष्टी, वसई आणि बंदरातली बेटं कशी मिळतील ते पाहा. शिवाय सुरत आणि भडोचच्या बाजूला मराठ्यांचा जो वसुलीचा हक्क होता तोही त्यांना सलत होता.

१७७४ च्या उत्तरार्धात त्यात आणखी एका हेतूची भर पडली. पोर्तुगीज आपला गमावलेला उत्तरेचा प्रांत, म्हणजे वसई-साष्टीचा मुलूख, परत घ्यायला आरमार घेऊन येणार, अशी बातमी मुंबईत पोहोचली. साष्टी आपल्याला मिळो न मिळो, पोर्तुगीजांना मिळता कामा नये, हा तो हेतू.

आता राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवणं, हा हेतू कुठे आला? शाळेच्या पुस्तकात पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचं कारण म्हणून तोच पहिल्यांदा येतो. पण तारखा लावून पाहा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. त्यांच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा, जन्म १८ एप्रिल १७७४ चा. बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकवटलेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांनी, बाजू उलटवल्यावर दादा मदतीसाठी मुंबईकडे वळले. मुंबईनं मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई मागितली, आणि दादांनी आधी नकार दिला. इंग्रजांनी ठाणं घेतलं डिसेंबर १७७४ मध्ये, आणि दादांशी सुरतेचा तह झाला मार्च १७७५ मध्ये. म्हणजे साष्टी आधी, राघोबा नंतर. दादांना गादी मिळवून देणं हे साष्टी-वसईवर कायदेशीर शिक्का मिळवण्याचं साधन होतं. साधनालाच हेतू समजण्याची चूक अशा मूल्यमापनात सगळ्यात जास्त होते. ती टाळायची एक साधी कसोटी आहे: तहाच्या बैठकीत त्यांनी सगळ्यात आधी काय सोडून दिलं आणि शेवटपर्यंत काय सोडलं नाही, ते पाहा. इंग्रजांनी राघोबांना दोनदा सोडलं. साष्टी मात्र आपल्या मर्जीनं एकदाही सोडली नाही.

आता लष्करी बाजू थोडक्यात, कारण ती इथे खरोखरच थोडक्यात आटोपली. पहिला प्रयत्न पैशानं झाला. ठाण्याच्या किल्लेदाराला फोडून किल्ला हातात घ्यायचं बोलणं चाललं होतं. पुण्याहून कुमक ठाण्यात दाखल झाली आणि तो बेत बारगळला. मग १२ डिसेंबरला जनरल रॉबर्ट गॉर्डनची फौज मुंबईहून निघाली. दीड हजाराच्या वर माणसं: गोरं पायदळ, देशी शिपाई आणि तोफखाना, शिवाय खाडीतून गलबतं. त्याच सुमारास पोर्तुगीज आरमार खरोखरच मुंबईच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं आणि त्याच्या सरदारानं लेखी निषेध नोंदवला. फौज तोवर पुढे गेली होती.

ठाण्यासमोर मोर्चे बांधून आठवडाभर तोफा चालवल्यावर तटाला खिंडार पडलं. २७ च्या रात्री खंदक बुजवून आत घुसायचा प्रयत्न झाला, तेव्हा तटावरून इतका मारा झाला की शंभरेक गोरे मेले किंवा जखमी झाले आणि हल्ला मोडला. अंधारात, मारा चालू असताना, खंदक भरायचा म्हणजे सगळ्यात पुढची माणसं उघड्यावर. खिंडार कितीही रुंद असलं तरी खंदक भरल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि किल्ल्यावरच्या लोकांना हे चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हल्ला झाला. या वेळी किल्ला पडला, आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. आरमाराचा प्रमुख कमोडोर वॉटसन याच वेढ्यात जबर जखमी होऊन मेला. १७७५ उजाडेपर्यंत अख्खी साष्टी मुंबईच्या ताब्यात होती. फौजेच्या बाजूनं पाहिलं तर अडीच-तीन आठवड्यांत काम तमाम.

खरं मूल्यमापन इथून पुढे सुरू होतं, आणि त्याची किल्ली आहे मोहिमेचे टप्पे वेगळे करण्यात. आठ वर्षांचं युद्ध एकच गोळा म्हणून तोललं तर "साष्टी मिळाली, म्हणजे यश" असं सोपं उत्तर येतं. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जो तह झाला तो घ्या, आणि त्या टप्प्यानं आधीच्या तहात काय वाढवलं किंवा घटवलं ते लिहा.

पहिला टप्पा सुरतेच्या तहाचा, मार्च १७७५. राघोबादादांनी साष्टी, वसई आणि सुरत-भडोचकडच्या वसुलीतला हिस्सा लिहून दिला, इंग्रजांनी २,५०० माणसांची फौज द्यायची, खर्च दादांचा. कागदावर सगळंच मिळालं. पण देणाऱ्याच्या हातात त्या वेळी काहीच नव्हतं. तहाचं वजन देणाऱ्याच्या ताब्यावर ठरतं, म्हणून या तहाला मी जवळपास शून्य गुण देतो. साष्टी मिळाली होती ती गॉर्डनच्या तोफांनी, दादांच्या सहीनं नाही. मे १७७५ मध्ये गुजरातेत अडासला कर्नल कीटिंगची मराठ्यांशी गाठ पडली. इंग्रज टिकले, पण बरीच माणसं गमावून, आणि पुणं अजून दूरच होतं.

दुसरा टप्पा पुरंदरचा, १ मार्च १७७६. इथे मामला रंगतो, कारण हा तह मुंबईनं केलाच नाही. १७७३ च्या कायद्यानं मुंबईला परस्पर युद्ध किंवा तह करायची मुभा राहिली नव्हती, ती कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलकडे होती. कलकत्त्यानं मुंबईचं युद्ध अविचारी, धोक्याचं, परवानगीविना केलेलं आणि अन्याय्य ठरवलं, आणि कर्नल अप्टनला थेट पुण्याकडे पाठवून तह केला. त्यात सुरतेचा तह रद्द झाला. राघोबांची बाजू सोडली. वसई नाही. पण साष्टी इंग्रजांकडे राहिली, भडोचवरचा मराठ्यांचा हक्क सुटला, आणि वर युद्धखर्चाचे १२ लाख रुपये पुण्यानं द्यायचे ठरले.

हा तह नीट पाहा. मुंबईच्या यादीतली पहिल्या क्रमांकाची गोष्ट, साष्टी, इथे पुणे दरबाराच्या सहीनं, म्हणजे ज्याच्याकडे द्यायला खरोखर काही होतं त्याच्या सहीनं, मिळाली. एका हिवाळी मोहिमेत आणि पुढच्या वर्षभराच्या तंट्यात. अंमल मात्र दोन्हीकडून रखडला. मुंबईनं राघोबांना आसरा देणं सोडलं नाही, आणि पुण्यानंही देण्याघेण्यात चालढकल केली.

दरम्यान लंडनहून कंपनीच्या संचालकांचं पत्र आलं. त्यांना सुरतेचा तह पसंत होता! पत्र पोहोचेस्तोवर पुरंदरचा तह होऊन गेला होता. म्हणजे एकाच मोहिमेला मुंबई यश म्हणत होती, कलकत्ता आगळीक म्हणत होतं, आणि लंडन मुंबईची पाठ थोपटत होतं. "इंग्रजांचं उद्दिष्ट" असं एकवचनी काही नव्हतंच. वहीतला "कोणाचा" हा रकाना त्यासाठी. १९५६ च्या सुएझ मोहिमेत हेच मोठ्या प्रमाणात दिसतं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल एकाच बाजूनं उतरले. ब्रिटनला कालवा परत ताब्यात हवा होता आणि इजिप्तचा अध्यक्ष नासर गेलेला हवा होता. दोन्ही झालं नाही, उलट इजिप्तनं जहाजं बुडवून कालवाच बंद केला, आणि जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन यांनाच जावं लागलं. इस्रायलला तिरानच्या सामुद्रधुनीतून जहाजं न्यायची होती. तो रस्ता त्यांना मिळाला आणि पुढची दहा वर्षं राहिला. एकच स्वारी, एकाला पूर्ण अपयश, दुसऱ्याला निम्मं यश.

तिसरा टप्पा सगळ्यात महागडा. १७७८ च्या अखेरीला मुंबईनं राघोबांना घेऊन थेट पुण्यावर फौज काढली. या वेळी हेतूत फ्रेंचांची भर होती, कारण १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्याला येऊन नाना फडणविसांशी बोलणी करत होता. फौज सुमारे ३,९०० ची, पण सोबत हजारो बैलांचं लटांबर, आणि बोरघाटातून पुढे सरकायची गती कासवाची. मराठे समोरासमोर लढाई न देता पुढचा मुलूख ओसाड करत आणि मागची रसद तोडत गेले. तळेगावला पोहोचल्यावर इंग्रज सेनानींनी परत फिरायचं ठरवलं, अवजड तोफा तळ्यात टाकून दिल्या, आणि वडगावला वेढले गेले. जानेवारी १७७९ च्या वडगावच्या करारात त्यांनी १७७३ पासून घेतलेलं सगळं, साष्टीसकट, परत द्यायचं कबूल केलं.

मुंबई आणि कलकत्त्यानं हा करार मानायला नकार दिला, आणि साष्टी प्रत्यक्षात परत केली नाही. म्हणून काही जण वडगाव हिशेबात धरतच नाहीत. मला ते पटत नाही. ज्या मोहिमेनं हातात असलेली मुख्य वस्तू पणाला लावली आणि कागदावर गमावली, ती उणे खात्यातच जायला हवी, पुढे नशिबानं ती वाचली तरी.

आणि खरी किंमत तर पुढेच आली. नानांनी निजाम, नागपूरकर भोसले आणि म्हैसूरचा हैदर अली यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणलं. हैदरला स्वतःची कारणं होतीच, पण पुण्याशी वैर मिटल्यामुळे त्याची पाठ मोकळी झाली, आणि जुलै १७८० मध्ये तो मद्रासभोवतालच्या, तेव्हा कर्नाटक म्हणत त्या मुलखात उतरला. सप्टेंबरात पोल्लिलूरला कर्नल बेलीची अख्खी तुकडी नाहीशी झाली. मुंबईला साष्टी हवी होती म्हणून मद्रास जळत होतं, आणि दोन्हींचा खर्च बंगालच्या तिजोरीतून निघत होता. १७८१-८२ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं बनारसच्या चेतसिंगाकडे आणि अयोध्येच्या बेगमांकडे जी जबरदस्तीची वसुली केली तिच्यामागे ही पैशाची ओढ होती. किंमत मोजताना माणसं अशी चूक करतात की फक्त रणांगणावरचा खर्च धरतात. दुसऱ्या आघाडीवर काय पेटलं, कोणता तटस्थ शत्रू झाला, तिजोरी भरायला घरात काय मोडलं, हे सगळं त्याच खात्यात यायला हवं.

कल्याण इंग्रजांनी १७८० मध्ये घेतलं. जनरल गॉडर्डनं डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली. नंतर तो बोरघाटावर चढून बसला, पुण्याला धाक दाखवायला. धाक बसला नाही. परशुरामभाऊ, हरिपंत आणि होळकर यांनी घाटाखालची रसदवाट कापायला सुरुवात केली, आणि एप्रिल १७८१ मध्ये गॉडर्डला घाट उतरून पनवेलकडे माघार घ्यावी लागली. त्या परतीच्या वाटेत त्याची साडेचारशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. आज द्रुतगती मार्गानं आपण जे अंतर तासाभरात काटतो, तिथे प्रत्येक ओढ्याकाठी आणि झाडीतून बंदुका चालत होत्या, आणि सामानाच्या बैलांना राखणारी माणसं लढणाऱ्यांतून काढावी लागत होती. पुण्यावर मुंबईहून जाणाऱ्या कुठल्याही फौजेची दुखरी जागा हीच: बंदर आणि घाटमाथा यांच्यामधला कोकणचा पट्टा. १७७९ ला जे घडलं तेच दोन वर्षांनी पुन्हा घडलं.

शेवटी सालबाईचा तह, १७ मे १७८२. महादजी शिंदे मध्यस्थ. नाना फडणविसांनी त्याला मंजुरी दिली डिसेंबरात, हैदर वारल्यानंतर. आता रकाने भरा.

साष्टी: इंग्रजांकडे कायम. घारापुरी आणि करंजाही. वसई: दीड-दोन वर्षं ताब्यात ठेवून परत. राघोबा: सोडून दिले, महिना २५,००० रुपये तनखा, आणि सवाई माधवरावांना पेशवे म्हणून मान्यता. डिसेंबर १७८३ मध्ये दादा कोपरगावला वारले. पोर्तुगीज: पुन्हा कधी साष्टीला आले नाहीत. फ्रेंच: पेशव्यांनी इतर युरोपियनांना नव्या वखारी घालू द्यायच्या नाहीत असं कलम आलं. पुरंदरचे १२ लाख: गेले. आणि भडोच, जे मुंबईनं १७७२ मध्ये, म्हणजे या सगळ्याच्या आधी, लढून घेतलं होतं, ते शिंद्यांना दिलं. ही शेवटची नोंद बहुतेक हिशेबांत सुटते, कारण भडोच "हेतू" मध्ये नव्हतं. पण मोहिमेआधी तुमच्याकडे काय होतं आणि शेवटी काय उरलं, असा ताळा घातल्याशिवाय वजाबाकी दिसत नाही.

आता पुरंदर आणि सालबाई शेजारी शेजारी ठेवा. १७७६ मध्ये: साष्टी हातात, भडोच हातात, १२ लाख यायचे. १७८२ मध्ये: साष्टी हातात, भडोच गेलेलं, १२ लाख बुडालेले. मधल्या सहा वर्षांत वडगाव, पोल्लिलूर, बोरघाट. फ्रेंचांविरुद्धचं कलम आणि पुण्याशी वीस वर्षांची शांतता ही जमेची बाजू मी नाकारत नाही. ती शांतता हैदरशी आणि नंतर टिपूशी लढताना इंग्रजांच्या फार कामी आली. तरी माझं ठाम मत असं, की साष्टीची मोहीम डिसेंबर १७७४ च्या हेतूंपुरती यशस्वी झाली, आणि १७७८ पासूनची पुण्याची मोहीम तिच्या स्वतःच्या हेतूंत, म्हणजे गादीवर आपला माणूस बसवण्यात, साफ फसली. दोन्हींची बेरीज करून "एकंदर यश" म्हणणं म्हणजे पहिल्या मोहिमेच्या कमाईनं दुसरीचं नुकसान झाकणं.

पर्यायाचाही प्रश्न विचारायला हवा. फौज न पाठवता साष्टी मिळाली असती का? मॉस्टिन दोन वर्षं पुण्यात होता, हाती काही लागलं नव्हतं. किल्लेदार फुटला नाही. राघोबांनीही नकार दिला होता. तेव्हा वाटाघाटीनं मिळण्याची शक्यता कमीच होती. पोर्तुगीजांचा धोका मात्र किती खरा होता याबद्दल मी सावध राहीन. "अमुक घडू नये" असा हेतू तपासणं सगळ्यात अवघड, कारण न घडलेली गोष्ट मोजता येत नाही. समोरच्याची कुवत होती का, एवढंच तपासता येतं. पोर्तुगीज आरमार आलं ते निषेधाचा कागद देऊन थांबलं. साष्टी आणि वसई परत घेऊन टिकवण्याइतकं बळ त्यांच्याकडे उरलं होतं याची खूण दिसत नाही. म्हणून या रकान्यात पूर्ण गुण देऊ नयेत.

आपल्या काळातल्या स्वाऱ्यांना हीच रीत लावताना दोन-तीन अडचणी येतात. एक, हेतूचा पायाच खोटा असणं. २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली ती तिथली सर्वसंहारक अस्त्रं नष्ट करायला. अस्त्रांचा साठा सापडला नाही. हा हेतू "साध्य झाला" असंही म्हणता येत नाही आणि "फसला" असंही नाही. त्याला वेगळी खूण करावी: मुळात नव्हतंच. दोन, हेतू मधेच पालटणं. भारताची शांतिसेना जुलै १९८७ च्या करारानंतर श्रीलंकेत गेली ती शस्त्रं खाली ठेवून घ्यायला, आणि ऑक्टोबरपासून लिट्टेशीच लढू लागली. मार्च १९९० मध्ये परतेपर्यंत अकराशेच्या वर जवान गेले. इथे जुलैचा आणि ऑक्टोबरचा हेतू वेगवेगळ्या ओळींत लिहावा, नाहीतर दोन्हींचं मोजमाप चुकतं. जुलैच्या करारातून श्रीलंकेच्या घटनेत प्रांतिक परिषदांची तेरावी दुरुस्ती आली, ती आजही आहे. ऑक्टोबरचा हेतू साधला नाही.

याउलट १९७१ चं मोजमाप तुलनेनं सोपं आहे, कारण मुख्य हेतूंपैकी एक थेट मोजता येण्याजोगा होता: जवळपास एक कोटी निर्वासित परत घरी गेले पाहिजेत. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पुढच्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित परतले, आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज बांगलादेशातून बाहेर पडली. ९३,००० युद्धकैद्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. धोरणाच्या हिशेबात निर्वासितांचा आकडा त्याहून मोठा.

तिसरी अडचण, घड्याळ कुठे थांबवायचं. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईतच दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि हा बाजीराव राघोबादादांचाच मुलगा. त्यामुळे "१७७५ चा डाव १८०२ मध्ये साधला" असं लिहायचा मोह होतो. पण बाजीराव वसईला पळाला तो हडपसरला यशवंतराव होळकरांनी त्याचा आणि शिंद्यांचा पराभव केला म्हणून. मधे सवाई माधवराव गेले, महादजी गेले, नाना गेले. इतकी नवी कारणं मधे आल्यावर ते श्रेय ठाण्याच्या मोहिमेला देता येत नाही. मी घड्याळ मंजूर झालेल्या तहावर थांबवतो, आणि मग फक्त एक गोष्ट पुढे मोजतो: मिळालेली वस्तू किती वर्षं, नवी फौज न लावता, टिकली. या मापानं साष्टीला पैकीच्या पैकी. इंग्रज जाईपर्यंत ती त्यांच्याकडे होती.

हेच माप १७३७ ला लावून पाहू. चिमाजीअप्पांच्या मोहिमेचा हेतू उत्तर फिरंगाणातली, म्हणजे वसई-साष्टीच्या मुलखातली, पोर्तुगीज सत्ता काढून टाकणं हा होता. धार्मिक जाचाविरुद्ध इथल्या लोकांची गाऱ्हाणी पुण्यापर्यंत पोहोचली होती, आणि अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखी माणसं वाटा आणि बातम्या पुरवत होती. ठाण्याचा किल्ला अजून पुरता बांधूनही झाला नव्हता. तो घेतला, साष्टी घेतली, आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली. पोर्तुगीजांना आठ दिवसांत सन्मानानं निघून जायची मुभा दिली. ही सवलत मला धोरणाच्या दृष्टीनं फार महत्त्वाची वाटते. त्यांना गोवा, दमण आणि दीव उरले होते, जीव तोडून सूड घ्यायचं कारण कमी झालं. हेतू आणि निकाल इतके तंतोतंत जुळलेल्या मोहिमा इतिहासात थोड्याच.

१७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणं परत घ्यायला हल्ला केला तेव्हा त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो तोफेच्या गोळ्यानं मेला, आणि त्या हल्ल्याची खबर मराठ्यांना आधी पोचवली होती ती मुंबईच्या इंग्रजांनीच. पोर्तुगीज शेजारी नको म्हणून. छत्तीस वर्षांनी त्याच ठाण्यावर त्याच मुंबईची फौज आली.

ठाणं ३७ वर्षांनी गेलं, ते चिमाजीअप्पांच्या मोहिमेच्या खात्यात घालता येणार नाही. बेट राखायला आरमार लागतं. पश्चिम किनाऱ्यावर मराठ्यांचं खरं बळ होतं ते आंग्र्यांचं, आणि १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार मोडलं. त्या वर्षीचा हेतूही साध्य झालाच: तुळाजी कैद झाला. पण त्यानंतर ठाण्याच्या खाडीत इंग्रजी गलबतांना अडवायला कोणी उरलं नाही, आणि १७७४ च्या डिसेंबरात किल्ल्यातल्या शिबंदीला पाण्याच्या बाजूनं कुमक मिळायची वाटच नव्हती.